पंतप्रधानांची मस्कत भेट आणि सेपा करार: आपल्या पदरात काय?

प्रेषक: सचिव
१९ डिसेंबर २०२५

नमस्कार ओमानवासी मंडळी,

काल मस्कतमध्ये भारत-ओमान सेपा (सर्वंकष आर्थिक भागीदारी) करारावर सह्या झाल्या. पंतप्रधान मोदी आणि सुलतान हैथम दोघेही हजर होते. जॉर्डन आणि इथिओपिया करून आलेल्या दौऱ्याचा हा शेवटचा मुक्काम. सह्या झाल्यापासून व्हॉट्सॲपवर "आता सगळं स्वस्त होणार" असे निरोप फिरताहेत. कस्टम्समधल्या जाणकारांनी कृपया खुलासा करावा. मागच्या महिन्यासारखं राजकारण इथे नको, ही कळकळीची विनंती.

प्रेषक: काका, सोहार

सचिवसाहेब, ते निरोप खुशाल डिलीट करा.

ओमानने भारताला ९८ टक्क्यांहून जास्त टॅरिफ लाइन्सवर (म्हणजे कस्टम्सच्या यादीतल्या मालाच्या प्रकारांवर) शून्य ड्यूटी कबूल केली आहे. आकडा मोठा दिसतो, पण आखातात बहुतेक मालावर मुळातच ५ टक्के ड्यूटी आहे. तांदूळ, ताजी भाजी अशा बऱ्याच जिनसा तर आधीपासूनच माफ. म्हणजे वहिनींच्या किराण्याच्या यादीत फारसा फरक पडायचा नाही. शिवाय ही ५ टक्के ड्यूटी लागते ती बंदरात आलेल्या मालाच्या किमतीवर, दुकानातल्या भावावर नव्हे. आणि २०२१ पासूनचा ५ टक्के व्हॅट आहे तिथेच आहे.

खरा फरक पाडतोय रुपया. इथला रियाल डॉलरला बांधलेला आणि डॉलर या महिन्यात नव्वद रुपयांपार गेला. आयातदाराला त्याचा जितका फायदा झालाय तितका हा करार एका झटक्यात देणार नाही.

मग भेटीचा उपयोग काय? नकाशा बघा. सोहार, दुक्म, सलालाह ही ओमानची तिन्ही बंदरं होर्मुझच्या सामुद्रधुनीबाहेर आहेत. सामुद्रधुनीत काही झालं तरी इथला दरवाजा उघडा राहतो. भारताला ओमान हवा आहे तो यासाठीही, नुसत्या १० अब्ज डॉलरच्या व्यापारासाठी नव्हे.

प्रेषक: ऑडिटमधली ताई, मस्कत

काका, मालाचं पटलं. पण तुम्ही माणसांचं विसरलात! करारातला माझ्या मते सगळ्यात वजनदार भाग तोच आहे. कंत्राटी सेवा द्यायला येणाऱ्यांना आतापर्यंत ९० दिवसांची मुदत होती, ती आता दोन वर्षं आणि पुढे आणखी दोन वर्षं वाढवता येईल. कंपनीतल्या कंपनीत बदली होऊन येणाऱ्यांची मर्यादा २० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेली आहे. अकाउंटन्सी, टॅक्स, आर्किटेक्चर, वैद्यकीय क्षेत्र अशांसाठी वाट सोपी होईल. आमच्याकडे प्रोजेक्टवर आलेला मुलगा काम अंगवळणी पडेपर्यंत परतीचं तिकीट काढायला लागतो. तो प्रकार थांबला तरी खूप झालं.

फक्त एक लक्षात घ्या. सह्या म्हणजे अंमलबजावणी नव्हे. दोन्हीकडची मंजुरी व्हायची आहे, तोवर भाच्या-पुतण्यांना नोकरी सोडायला सांगू नका.

प्रेषक: एक सदस्य, रुवी

काका, माझा छोटा धंदा आहे. किचनची स्टीलची भांडी दुबईच्या घाऊक व्यापाऱ्याकडून घेतो. माल भारतातलाच. मला ड्यूटी माफ होईल ना?

प्रेषक: काका, सोहार

नुसतं "मेड इन इंडिया" छापलेलं असून भागत नाही. सवलत मागायची तर या कराराखालचं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कुठे बनला याचा दाखला) लागतं आणि ते भारतातल्या निर्यातदाराने काढायचं असतं. दुबईच्या गोदामात माल सुटला, दुसऱ्या मालात मिसळला, नवं इनव्हॉइस झालं, की तो भारतातूनच आला हे सिद्ध करताना नाकीनऊ येतात. तुमचा व्यापारी असा कागद देणार आहे का, आधी विचारा. नसेल तर न्हावाशेव्याहून थेट सोहारला एक कंटेनर दोघा-तिघांनी मिळून मागवण्याचा हिशेब मांडून बघा. भाडं धरूनच मांडा, नाहीतर ५ टक्के वाचवायला ८ टक्के घालवाल.

आणि एचएस कोड (कस्टम्समधला मालाच्या प्रकाराचा क्रमांक) माझ्याकडून तपासून घ्या. "बयान"मध्ये (ओमान कस्टम्सच्या ऑनलाइन प्रणालीत) चुकीचा कोड गेला की सवलत राहते बाजूला, माल अडकतो वेगळाच. भांड्यांचे फोटो आणि जुनं एक इनव्हॉइस मेल करा, रविवारी बघतो.