मदत हवी आहे: पर्सेंटाइल जास्त, तरी बहिणीचं शासकीय कॉलेज हुकलं आणि मैत्रिणीला मिळालं

पूर्व_भाग

नमस्कार मंडळी. लांबलचक होणार आहे, आधीच माफी.

धाकटी बहीण यंदा बारावी झाली, सोलापुरातूनच. सीईटीला ९७ च्या वर आहे. पप्पा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लूमवर, मी औषधांच्या एका होलसेलरकडे बिलिंगला. आमच्या जिल्ह्यात सरकारी इंजिनिअरिंगचं डिग्री कॉलेज नाही, त्यामुळे सरकारी म्हटलं की बाहेरगाव आलंच. तिनं पहिल्या दोन पसंतीला बाहेरची शासकीय टाकली. तिसरीला सोलापुरातलं एक खाजगी, हाताशी एक असावं म्हणून.

पहिल्या फेरीत काही नाही. दुसऱ्या फेरीत ही तिसरी पसंती लागली आणि लॉगिनमध्ये ‘ऑटो फ्रीझ’ आलं. तिसऱ्या फेरीत तिच्याच वर्गातल्या मैत्रिणीला, जिला ९६ आहेत, आमच्या हिची पहिली पसंती लागली. तेच कॉलेज, तीच ब्रांच. दोघींची कॅटेगरी एकच, ओबीसी. हे मुद्दाम आधी सांगतोय, नाहीतर सगळे प्रतिसाद तिकडंच जातील.

मैत्रीण पेढे घेऊन आली होती, ही आतल्या खोलीतून बाहेर आलीच नाही. तसं रडायली नाही, पण बोलायली पण नाही. पोरगी गावातच राहणार म्हणून आईला मनातून बरं वाटलंय. ती बोलत नाही, पण बहिणीला ते कळलंय, त्यामुळे त्या दोघींचं वेगळंच सुरू झालंय. पप्पांना कारखान्यात कुणीतरी सांगितलं की हे सगळं सेटिंग असतं. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

तर, यात खरंच गडबड आहे का? असेल तर तक्रार कुठं करायची? ती अ‍ॅडमिशन रद्द करून एक वर्ष थांबायचं म्हणते, थांबू द्यावं का? आणि तिच्याशी बोलू काय? मी तोंड उघडलं की बिघडतंच.

सातरस्ता

माहिती अधिकार टाका, सगळं बाहेर येईल.

विजापूर_वेस

माहिती अधिकाराची गरज नाही, प्रत्येक फेरीची वाटपाची यादी उघडीच असते. मी काही वर्षं प्रवेशाच्या हंगामात अर्ज तपासणी केंद्रावर बसलोय, त्यावर सांगतो.

मैत्रिणीचं नाव यादीत काढा आणि तिच्या पुढचा जागेचा प्रकार वाचा. पहिलं अक्षर जी असेल तर सर्वसाधारण, एल असेल तर मुलींच्या ३० टक्क्यांतली जागा. मध्ये कॅटेगरी. शेवटी एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, म्हणजे कॉलेज ज्या विद्यापीठाखाली येतं तिथलीच मुलं, ओ म्हणजे त्या विद्यापीठाबाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. शेवटी एस दिसलं तर सोलापूरकर म्हणून मागे पडलो ही शंका मिटली. दोघीही सोलापुरातूनच बारावी झाल्या असतील तर तसाही त्यांच्यात फरक पडत नाही.

माझ्या मते तुमचं कारण ऑटो फ्रीझमध्येच आहे. २०२५-२६ पासून तीनाच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती लागली तर ती पक्की. दुसऱ्या फेरीत पहिल्या ३ पैकी कुठलीही लागली तरी पक्की, तिसऱ्या फेरीत पहिल्या ६ पैकी. पक्की झाली की पुढच्या फेऱ्या बंद. आधी हे फक्त पहिल्या पसंतीपुरतं होतं. जागा अडवून बसणारे कमी व्हावेत म्हणून केलं असणार. पण दरम्यान वरची पोरं आयआयटी, एनआयटीकडे निघून जातात आणि जागा सुटतात. तुमची बहीण तोवर बंद झालेली, मैत्रिणीला दुसऱ्या फेरीत वरचं काही लागलं नव्हतं म्हणून ती अजून शर्यतीत. हुतात्मा एक्सप्रेसमध्ये शेवटच्या डब्यात जागा मिळाली म्हणून बसलो, आणि कुर्डुवाडीला पुढचा डबा रिकामा झाला तर उठायची परवानगी नाही, असा हा प्रकार आहे.

पैसे कुणी खाल्ले नाहीत. पण गुणानुक्रमाने वर असलेली खाली राहिली हेही खरं आहे. पप्पांना दोन्ही गोष्टी सांगा, एकच सांगू नका. तक्रारीची सोय असते ती गुण, दाखले, कॅटेगरी चुकली तर. नियम नीट चालून असं झालं, तर तिथं काही मिळत नाही.

शेंगाचटणी

नियम माहिती पुस्तिकेत छापलेला होता की. सगळ्यांना सारखाच. अन्याय कसला?

विजापूर_वेस

छापलेला होता, बरोबर. पण ज्याच्या घरात आधी कुणी हे केलंय तो तिसऱ्या नंबरला काय टाकायचं याचा आठवडाभर विचार करतो. बाकीचे सायबर कॅफेत बसून भरतात. नियम सारखा असला तरी तो वाचून सांगणारा सगळ्यांच्या घरी नसतो.

@पूर्व_भाग, घाईत रद्द करू नका. ठरलेल्या अंतिम तारखेच्या आत रद्द केलं तर १००० रुपये कापून फी परत मिळते, म्हणजे वेळ आहे. सगळ्या फेऱ्यांनंतर उरलेल्या जागा कॉलेज पातळीवर भरतात, त्याची सूचना संकेतस्थळावर लागते. तिथं अर्ज जरूर करा. मात्र जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, आणि ते कॅपमधून, म्हणजे या फेऱ्यांच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशाला धरून आहे. नवी जागा घेण्याआधी ही सवलत लागू राहते का, कॉलेजकडून लेखी घ्या. नाहीतर सरकारी कॉलेज मिळालं आणि फी अंगावर आली असं होईल.

कडक_भाकरी

दादा, मी याच रस्त्याने गेलेय. मलाही पुणं हवं होतं, सोलापुरातच शिकले. आता नोकरी करते. पण तुमच्या बहिणीला माझं उदाहरण देऊ नका. त्या महिन्यात मला जो तो असल्या यशस्वी मुलींची उदाहरणं द्यायचा आणि मला त्या सगळ्यांचा राग यायचा.

‘जे होतं ते चांगल्यासाठी’ हे आत्या-मावश्यांना बोलू देऊ नका. तिला कॉलेजबरोबर घराबाहेर पडणंही हुकलंय, हॉस्टेल, वेगळं शहर, सगळंच. म्हणून आईचा राग येतोय. आईलाच एकदा तिच्यासमोर म्हणू द्या की तू जवळ राहणार म्हणून मला बरं वाटलं, पण तुझं गेलं याचं वाईटही वाटतंय. आमच्याकडे हे बोलायला दिवाळी उजाडली.

मैत्रिणीचं म्हणाल तर तिनं काही हिसकावलेलं नाही, पण हिला लगेच पेढा खायला लावू नका. वर्ष थांबायचं असेल तर आत्ता प्रवेश ठेवून कॉलेजला जाऊ दे, रद्द करायच्या शेवटच्या तारखेआधी चार दिवस पुन्हा विचारा. आत्ताचं उत्तर रागाचं आहे. एक मात्र विचारा, थांबली तर अभ्यास कुठं करणार? घरी, याच वातावरणात? मला हे कुणी विचारलं नव्हतं.

पूर्व_भाग

सगळ्यांचे आभार, विशेषतः विजापूर वेसवाले काका आणि ताई.

काल रात्री यादी काढली. मैत्रिणीची जागा मुलींच्या कोट्यातली, ओबीसी, शेवटी एस. पप्पांनी मोबाइल हातात घेऊन दोघींचे मेरिट नंबर स्वतः वाचले. सेटिंगचा विषय मिटला. मग विचारलं, “हिनं तिसरं टाकलंच नसतं तर?” बहीण आतून म्हणाली, “तर मिळालं असतं.” दोन दिवसांतलं तिचं पहिलं वाक्य. त्यानंतर पप्पा बराच वेळ नियम काढणाऱ्यांना तेलुगूत शिव्या देत बसले, आणि ती बाहेर येऊन ऐकत बसली.

प्रवेश तूर्त ठेवतोय. फी सवलतीचं लेखी विचारणार आहे. आता एकच: शासकीय कॉलेजात चौथ्या फेरीनंतर ओबीसी मुलींच्या जागा उरतात का, उरल्या तर सूचना आणि अर्जाची मुदत यात किती दिवस मिळतात? इथून निघायचं तर मला दुकानातून सुट्टी आधी सांगावी लागते. कुणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा.