ब्रॉयलरला (मांसाच्या कोंबड्यांना) सोयापेंडेऐवजी, म्हणजे तेल काढलेल्या सोयाबीनऐवजी, अळ्या घातल्या तर?

दादरकर: मुंबईचा हजारो टन ओला कचरा रोज कांजूर-देवनारच्या कचराभूमीवर जातो. आणि कर्जत-पालघरच्या शेडमधल्या कोंबड्यांसाठी सोयापेंड घाटावरून येते. ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या हाच कचरा खाऊन दोनेक आठवड्यांत तयार होतात, वाळवल्यावर त्यांत 40 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं. युरोपियन युनियनने 2021 मध्ये कोंबडीखाद्यात कीटकांना परवानगी दिली. त्याच वर्षी आपल्याकडे पेंड इतकी भडकली, की केंद्राने 12 लाख टन जीएम (जनुक बदललेल्या) सोयापेंडेची आयात मोकळी केली, तीही न्हावाशेव्यातून. भायखळ्याच्या मंडईतला भाजीकचरा महापालिकेने या कामाला द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

गिरगावची_सुगरण: ई! अळ्या खाल्लेली कोंबडी आम्ही खायची?

दादरकर: ताई, गावठी कोंबडी उकिरड्यावर काय बासुंदी खाते? तिला तर तुम्ही दुप्पट पैसे मोजता.

शेडवाला_कर्जत: युरोपचं अर्धंच सांगितलंत. तिथे अळ्यांना हॉटेलचं खरकटं घालायला बंदी आहे. कचऱ्यात कॅडमियमसारखा विषारी धातू असला तर तेही अळीत साठतं. शिवाय अळीत तेल भरपूर, ते काढल्याशिवाय पेलेट (खाद्याची दाबलेली गोळी) धड बनत नाही. पहिल्या दिवसांतल्या पिल्लाला 22-23 टक्के प्रथिन लागतं, आणि तेही त्यातली लायसिन, मिथिओनिन ही अमिनो आम्लं मोजून. माझा निम्म्याहून जास्त खर्च खाद्यावर जातो. एफसीआर (एक किलो वजन वाढायला लागणारं खाद्य) जरा हलला की बॅच तोट्यात. प्रत्येक गोणीत तोच माल येणार, याची हमी कोण देणार? मंडईत आज कोबी, उद्या सडका आंबा.

लातूरकर_ठाणे: आणि सोयाबीनवाल्यांनी काय करायचं? 2024 चा हमीभाव 4892 रुपये क्विंटल, आमच्या बाजारात माल त्याच्या खाली गेला. इथेनॉलच्या कारखान्यांतून डीडीजीएस (धान्याचा सुकवलेला चोथा) निघायला लागल्यापासून पेंडेला कोणी विचारेना. आता वर अळ्या. पेंड महागली की आयात, स्वस्त झाली की आम्ही मेलो!

शेडवाला_कर्जत: लातूरकर, डीडीजीएसला घाबरू नका. धान्यातला स्टार्च दारूत गेला की बुरशीचं विष मागे उरतं, साधारण तिप्पट दाट होऊन. तांदळाच्या डीडीजीएसचं प्रथिन कागदावर 45 टक्के दिसतं, पण गोणी उघडल्यावर माल काळपट चॉकलेटी असला आणि करपट वास आला, तर समजायचं की सुकवताना लायसिन जळालंय. असला माल मी एका हद्दीपलीकडे घालत नाही. सरकी पेंडेत गॉसिपॉल हे सरकीतलंच विष, शेंगदाणा पेंडेत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं. शेवटी सोयाच.

वरळी_कोळीवाडा: ससून डॉकची सुक्या मासळीची कुटी विसरलात की काय?

शेडवाला_कर्जत: प्रथिन झकास. पण मीठ आणि वाळू निघते, आणि फिनिशरमध्ये (विक्रीआधीच्या शेवटच्या खाद्यात) जास्त झाली तर रश्शाला बोंबलाचा वास.

दादरकर: खरकट्याचं नाव मी काढलंच नव्हतं, भाजीकचरा म्हटलं होतं. आणि सगळी सोया बाद करा असंही नाही. दहा किलो पेंडेतली एक किलो बदला, तेल काढलेली अळी वापरा.

लातूरकर_ठाणे: त्या एका किलोचा भाव लिहा आधी. तेल काढायचं मशीन, वाळवायची वीज, नवी मुंबईतल्या जागेचं भाडं, सगळं धरून. मग पेंडेशी तुलना करू.