बुटक्या हायड्रेंजियाला पाने भरपूर, फुले मात्र नाहीत

अंगणवेडी:
माझ्याकडे मोठ्या कुंडीत जेमतेम अडीच फूट उंचीचे, बुटक्या जातीचे हायड्रेंजिया आहे. आणले त्या वर्षी त्याला निळ्या फुलांचे पाच भरगच्च गुच्छ आले होते. पुढच्या वर्षी एकही फूल आले नाही आणि यंदा एकच गुच्छ आला, तोही गुलाबी. पाने मात्र तळहाताएवढी आणि गर्द हिरवी आहेत. हिवाळा संपता संपता मी गुलाबासारखी त्याची छाटणी करते, दर पंधरवड्याला नत्रयुक्त खत देते आणि दुपारी पाने माना टाकतात म्हणून दिवसातून दोनदा पाणी घालते. माझे नेमके काय चुकते आहे?

जुनीफांदी:
निळ्यावरून गुलाबी झालेला गोल गुच्छ म्हणजे आपले झाड बहुधा मॅक्रोफिला प्रकारातले आहे. हा प्रकार पुढच्या हंगामाच्या कळ्या उन्हाळा सरताना आणि त्यानंतरच्या थंडाव्यात, चालू वर्षाच्या फांद्यांच्या शेंड्यांशी धरतो. त्यामुळे हिवाळ्याअखेर शेंडे छाटले की येणारा बहरच आपण कापून टाकतो. छाटायचेच असेल तर बहर ओसरताच सुकलेला गुच्छ त्याच्या खालच्या टपोऱ्या डोळ्यांच्या पहिल्या जोडीच्या वर कापावा आणि एखाददुसरी वाळकी, जुनाट फांदी तळातून काढावी. बुटक्या जातीला याहून अधिक काही लागत नाही. ‘बोबो’ किंवा ‘लिटल लाइम’ यांसारख्या पॅनिक्युलाटा जाती मात्र नव्या फुटीवर फुलतात आणि हिवाळ्याअखेरची छाटणी त्यांना मानवते. बागकामाच्या सल्ल्यांत हे दोन्ही प्रकार सर्रास एकत्र केले जातात, आणि माझ्या मते निम्मी झाडे त्यामुळेच बिनफुलांची राहतात.

नत्राचा मारा थांबवावा. त्याने पाने माजतात.

सामू_साडेपाच:
रंगाविषयी लिहितो. गुलाबी आणि निळ्या, दोन्ही फुलांत रंगद्रव्य एकच असते. त्याला अॅल्युमिनियम मिळाले की निळा रंग येतो. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप) साधारण ५.५ च्या खाली असेल तर मुळांना अॅल्युमिनियम उचलता येते, ६.५ च्या वर गेला की ते मातीतच अडकून राहते. पाणी चुनखडीयुक्त असेल तर कुंडीतला सामू हळूहळू चढत जातो, आपल्याकडे तसेच झाले असावे. पावसाचे पाणी साठवून घालावे आणि अॅल्युमिनियम सल्फेट पाकिटावरच्या प्रमाणातच, आधी भिजवलेल्या मातीत द्यावे, कारण कोरड्या मातीत त्याने मुळे पोळतात. हाडांची भुकटी टाळावी, तिच्यातील स्फुरद (फॉस्फरस) अॅल्युमिनियमला बांधून ठेवतो. कुंडीत गंजके खिळे पुरण्याचा उपाय वारंवार सुचवला जातो, पण निळाईचा लोखंडाशी संबंध नाही.

ओलावा:
दुपारी माना टाकणे म्हणजे तहानच असे नाही. मोठ्या पानांतून कडक उन्हात पाणी इतक्या वेगाने उडून जाते की माती ओली असूनही मुळांना पुरवठा जमत नाही. पाने संध्याकाळी पुन्हा ताठ होत असतील तर पाणी वाढवू नये, कुंडी सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा जागी हलवावी. सकाळीही पाने मरगळलेली दिसली, तर बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. माती कोरडी लागली तर पाणी द्यावे. चिकट लागली आणि कुबट वास आला तर मुळे कुजू लागली आहेत असे समजावे.

अंगणवेडी:
आज सकाळी निरखून पाहिले. पाने ताठ आहेत. माती मात्र दोन पेरांपर्यंत चिंब आहे, वास नाही. यंदाचा गुच्छ भिंतीकडच्या फांदीवर आला आहे. तिथवर कात्री पोहोचत नाही म्हणून ती फांदी दरवर्षी छाटायची राहून जाते. आता हा गुच्छ सुकल्यावर लगेच कापू, की तसाच राहू देऊ?

जुनीफांदी:
थंडीत दहिवर किंवा हिमकण पडत असतील तर तसाच राहू द्यावा, सुकलेल्या गुच्छाचा खालच्या कळ्यांना थोडा आडोसा होतो. एरवी लगेच कापला तरी चालेल.