विषय: शेजारणीचा डबा परत केला, काय चुकलं?

नमस्कार मंडळी,

तीन महिन्यांपूर्वी आम्ही इंडोनेशियात, जावा बेटावरच्या योग्याकार्ताजवळ स्लेमानला राहायला आलो. गल्लीत सगळी जावानीज कुटुंबं आहेत. गेल्या गुरुवारी शेजारी काही कार्यक्रम होता. रात्री तिथल्या बाई भाताचा डबा घेऊन आल्या. वर कोंबडीचा तुकडा दिसला. आम्ही शाकाहारी, म्हणून मी "नको" म्हणून तो परत दिला. त्या हसल्या, "इंग्गिह, इंग्गिह" म्हणाल्या आणि गेल्या. तेव्हापासून दिसल्या की हसतात, पण बोलायला थांबत नाहीत. कृपया कुणी सांगाल का?

— स्लेमानची नवी सभासद

*

ताई,

मी जावातल्याच सोलो शहरात अकरा वर्षं काढली, म्हणून लिहितेय. त्या डब्याला तिथे बेरकात म्हणतात. आपला बरकत शब्द तोच. घरात स्लामतान झालं की शेजारी जमतात, प्रार्थना होते आणि त्या अन्नाचा वाटा घरोघरी जातो. बारसं असो, नवं घर असो की माणूस गेलेला असो. मृत्यूनंतर तर 3, 7, 40, 100 आणि थेट 1000व्या दिवशीही करतात. दारात आलेला प्रसाद तुमच्याकडून परत गेला. यापुढे दोन्ही हातांनी घ्या, "मातुर नुवुन" म्हणा आणि मग ज्याला चालतो त्याला द्या.

"इंग्गिह"वरून त्यांना पटलं असं समजू नका. शब्दाचा अर्थ "हो", पण पुष्कळदा त्यात "ऐकलं" एवढंच असतं. तोंडावर नाही म्हणून समोरच्याला अवघडवायचं नाही, ही तिथली रीत. मी सुताराला "उद्या याल ना?" विचारायचे तोवर तो "इंग्गिह" म्हणायचा आणि येत नसे. "कोणता दिवस सोयीचा?" विचारू लागले आणि तो यायला लागला.

भाषा शिकणार असाल तर एक गोष्ट आधी पक्की करा. आपण आदर दाखवताना क्रियापदाचं रूप बदलतो, तिथे अख्खा शब्द बदलतो. जेवणं म्हणजे बरोबरीच्यांत मांगान, अदबीने नेधा आणि मोठ्यांच्या जेवण्याला धाहार. धाहार स्वतःसाठी कधीही वापरायचा नाही. घरच्या म्हाताऱ्यांना "धाहार" आणि स्वतःला "नेधा" एवढं जमलं तरी लोक तुम्हाला आपलं मानतात. मला या भाषेतलं सगळ्यात सुंदर हेच वाटतं, की मान नेहमी समोरच्याला द्यायचा, स्वतःकडे घ्यायचा नाही.

बाकी लवकर अंगवळणी पडतं. बसलेल्यांच्या पुढून जाताना जरा वाकून "नुवुन सेवू" म्हणायचं, दिशा उजव्या हाताच्या अंगठ्याने दाखवायची, लहान मुलाच्याही डोक्याला हात लावायचा नाही. आणि कमरेवर हात ठेवून उभं राहू नका. आपल्याला त्यात विठोबा दिसतो, तिथे उर्मटपणा दिसतो. "कुठे निघालात?" हा प्रश्न मात्र आपल्या गावातल्यासारखाच आहे, चौकशी नव्हे.

आता संध्याकाळी फळं घेऊन त्यांच्याकडे जा. "न्युवुन पांगापुन्तेन", म्हणजे क्षमा असावी, एवढंच म्हणा. चहा समोर ठेवला तरी त्या "मोंगो" म्हणेपर्यंत कप उचलू नका.

— सोलोवाली काकू

*

काकू,

काल गेले. केळी नेली, तुम्ही सांगितलं तसंच म्हटलं. त्यांनी माझा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. तो डबा त्यांच्या सासूबाईंच्या शंभराव्या दिवसाचा होता. आम्ही राहायला यायच्या थोडंच आधी त्या गेल्या, मला पत्ताच नव्हता. मी रडले. मग चहा आला, मी थांबले, "मोंगो" ऐकलं आणि प्यायले.

निघताना त्यांनी टोफू आणि टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) खाता का विचारलं. वर्षाच्या स्लामतानला भाज्या चिरायला यायचं, हेही त्यांनीच सांगितलं.

— स्लेमानहून