सगोत्र चालत नाही, मामेबहीण मात्र चालते

एका ताईंनी त्यांच्या घरच्या लग्नाबद्दल लिहिलंय की मुलगा-मुलगी वर्षभर भेटत होते, दोघांनी एकमेकांना होकार दिला, आणि बोलणी गोत्र एक निघाल्यावर अडली. कायद्यापुरतं सांगायचं तर ही अडचण 1946 सालीच दूर झाली. हिंदू विवाहातल्या अपात्रता दूर करणाऱ्या त्या वर्षीच्या कायद्याने सगोत्र आणि सप्रवर (म्हणजे गोत्रातले मूळ ऋषी, प्रवर, एक असलेली) लग्नं वैध ठरवली. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातही गोत्राची आडकाठी नाही. तो बघतो प्रत्यक्ष रक्ताचं नातं: आईकडून तीन पिढ्यांत आणि वडिलांकडून पाच पिढ्यांत ते नसावं.

आता गंमत बघा. त्याच कायद्याप्रमाणे मामाची मुलगी करणं निषिद्ध नात्यात येतं, फक्त तशी रूढी असेल तर सूट आहे. आपल्याकडे बऱ्याच समाजांत ती रूढी आहे, म्हणून कोणी भुवईसुद्धा उंचावत नाही. म्हणजे सख्ख्या मामाची मुलगी चालते, आणि ज्या घराशी सात पिढ्यांत संबंध नाही तिथली मुलगी गोत्रापायी नको! मराठा घरांत हेच देवकावरून, म्हणजे कुळाच्या पूजनीय चिन्हावरून, होतं; देवक एक असलं की लग्न नको.

पण गोत्रावर अडून बसलेल्या आजोबांसमोर कलमं वाचू नका, ते आणखी हट्टाला पेटतील. काही घरांत मुलीला मामाच्या गोत्रात दत्तक दाखवून लग्न लावतात. मला तो प्रकार जरा हास्यास्पद वाटतो, पण भटजींना चालत असेल तर विचारून बघा. मुलांनी मात्र आधी आईला विश्वासात घ्यावं.