कारण, निमित्त की कावळा?

प्रश्न : एखाद्या क्षुल्लक कृतीमुळे कोणाच्या ध्यानीमनी नसलेल्या घटना एकापाठोपाठ घडत गेल्या, तर 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला' असं म्हणावं का? हा वापर हल्ली बराच दिसतो.

प्रतिसाद : म्हणू नये. दोन गोष्टी एका वेळी घडल्या, पण त्यांचा एकमेकींशी संबंध नाही, हाच त्या म्हणीचा जीव आहे. 'राईचा पर्वत'ही नको, तो माणसं बोलून करतात. तुम्हाला हवा तो शब्द 'निमित्त'.

९ नोव्हेंबर १९८९ची संध्याकाळ घ्या. पूर्व जर्मनीचे प्रवक्ते गुंटर शाबोव्स्की पत्रकारांना परदेश प्रवासाचे नवे नियम वाचून दाखवत होते. लागू कधीपासून, असं कोणीतरी विचारलं. हातातले कागद चाळत ते म्हणाले, माझ्या माहितीप्रमाणे ताबडतोब. प्रत्यक्षात नियम दुसऱ्या दिवसापासून लागू व्हायचे होते, तेही रीतसर अर्ज करून. बातमी ऐकून लोक बर्लिनच्या भिंतीपाशी लोटले, पहारेकऱ्यांकडे कसलाच हुकूम नव्हता, आणि मध्यरात्रीच्या सुमारास फाटकं उघडावी लागली. ते उत्तर निमित्त झालं. असंतोष आधीपासून साचलेला होता, तो कारण.

त्यावर प्रतिसाद : मान्य, पण निमित्ताला असं काहीतरी आधी साचलेलं लागतं. ते नसेल तर? १९६१मध्ये हवामानतज्ज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी संगणकावरचं हवामानाचं एक गणित मध्यापासून पुन्हा चालवलं. यंत्राच्या पोटात ०.५०६१२७ हा आकडा होता, छापील कागदावर ०.५०६. त्यांनी छापील आकडा भरला. सुरुवातीला आधीचं आणि नवं अशी दोन्ही हवामानं जुळत होती, मग फरक वाढत वाढत गेला आणि शेवटी त्यांचा एकमेकांशी काही मेळच उरला नाही. बाकी सगळं तेच असताना फरक पडला तो त्या गाळलेल्या अंशाने. त्याला निमित्त म्हणणं म्हणजे त्याचं श्रेय नाकारणं. ते सरळसरळ कारणच, कितीही सूक्ष्म असलं तरी.

आणखी एक : क्रियापद जपा, सगळी मेख तिथेच आहे. 'निमित्त होणे' म्हणजे नकळत कारणीभूत ठरणे. 'निमित्त करणे' किंवा 'काढणे' म्हणजे बहाणा. शाबोव्स्कींनी 'निमित्त केलं' असं लिहिलंत, तर त्यांनी ते मुद्दाम केलं असा अर्थ होईल. शेवट सांगायला 'पर्यवसान' आहेच, फक्त ते सप्तमी मागतं : वादाचं पर्यवसान हाणामारीत झालं.