मदत हवी आहे: क्लॉपनंतर लिव्हरपूलला कोण हवा, हे ठरवायचं तरी कसं?

धागाकर्ता, २३ फेब्रुवारी २०२४

नमस्कार मंडळी,

महिना होत आला, तरी विषय डोक्यातून जात नाही, म्हणून शेवटी धागा काढतोय. २६ जानेवारीला आपल्या मॅनेजरने, युर्गेन क्लॉपने जाहीर केलं की हा मोसम संपला की तो लिव्हरपूल सोडणार. करार २०२६ पर्यंतचा होता, त्यामुळे हे ध्यानीमनीही नव्हतं. अंगातली ऊर्जा संपत चालली आहे, असं तो म्हणाला. त्यावर वाद घालण्यासारखं काही नाही, पण पचतही नाही.

मी फुटबॉल बघायला लागलो तो एप्रिल २०१६ मधल्या डॉर्टमुंड या जर्मन क्लबविरुद्धच्या सामन्यापासून, आपल्या लोव्रेनने अखेरच्या क्षणी डोक्याने गोल करून ४-३ केलं तो सामना. म्हणजे क्लॉपशिवायचा लिव्हरपूल मी पाहिलेलाच नाही. नवा मॅनेजर निवडताना माणसं नेमकं काय बघतात, याचा मला काहीच अनुभव नाही.

आमच्या मित्रांच्या गटात तीन तट पडलेत. काहींना आपला जुना खेळाडू आणि आता जर्मनीतल्या लेव्हरकुसेनचा मॅनेजर असलेला शाबी अलोन्सो हवाय, काहींना आपला जुना कर्णधार स्टीव्हन जेरार्ड. बाकीच्यांचं म्हणणं, खूप ट्रॉफ्या जिंकलेलं एखादं मोठं नाव आणा. काल वाद पार हमरीतुमरीवर आला. मी अलोन्सोच्या बाजूचा. पण एकाने सरळ विचारलं, "का?" आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं की २००५ च्या इस्तंबूलच्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये त्याने बरोबरीचा गोल केला होता. पेनल्टी अडवली गेली आणि परत आलेला चेंडू त्याने जाळ्यात मारला. मला तो गोल फार प्रिय आहे, पण ते काही मॅनेजर करण्याचं कारण होत नाही, हे बोलता बोलताच जाणवलं. त्यातच परवा बायर्न म्युनिकने त्यांचा मॅनेजर तुखेल मोसमाअखेर जाणार असं जाहीर केलंय. आता तेही अलोन्सोच्याच मागे लागणार.

तर मदत अशी हवी आहे: ट्रॉफ्या सोडून कोणत्या गोष्टी तपासायच्या? अलोन्सोची पद्धत आपल्या खेळाडूंना झेपेल का? आणि अलोन्सो सोडून आणखी कोणाचे सामने बघू? क्लॉपच्या आधीचे दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांनी जरूर लिहा.

प्रतिसाद, २३ फेब्रुवारी

अलोन्सो! ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याने लेव्हरकुसेन हातात घेतलं तेव्हा ते १७ व्या क्रमांकावर होते, खालून दुसरे. या मोसमात ते अजून एकही सामना हरलेले नाहीत. १० तारखेला बायर्नला ३-० हरवलं. ज्या क्लबने आजवर एकदाही बुंडेसलिगा, म्हणजे जर्मन लीग, जिंकलेली नाही त्याचं हे चाललंय. आणखी काय पुरावा हवा?

प्रतिसाद, २३ फेब्रुवारी, रात्री उशिरा

मी या क्लबचा फार जुना चाहता आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

तुम्ही "कोण" विचारताय. मी म्हणेन, आधी "कशाच्या जागी" ते बघा. बिल शँकली १९५९ च्या डिसेंबरमध्ये मॅनेजर म्हणून आले तेव्हा क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होता. १९७४ च्या जुलैत त्यांनी अचानक राजीनामा दिला, तेव्हाही लोकांना आज तुम्हाला वाटतंय तसंच वाटलं होतं, आता संपलं सगळं. क्लबने बाहेरून कोणी आणलं नाही. बॉब पेझ्ली १९३९ पासून क्लबमध्ये होते, आधी खेळाडू, मग फिजिओ, मग कोच. त्यांना हे पद मनापासून नकोच होतं. पहिल्या मोसमात लीगमध्ये दुसरा क्रमांक आला. पण एकूण नऊ वर्षांत सहा लीग आणि तीन युरोपियन कप. शँकलींइतकं प्रभावी बोलणं त्यांच्याकडे नव्हतं, पण शँकलींनी काय उभं केलंय आणि त्यातलं काय बदलायला हवं, हे त्यांना आतून ठाऊक होतं.

आता उलटं उदाहरण. १९९१ मध्ये ग्रॅम सूनेस आले. आपलेच कर्णधार, १९८४ चा युरोपियन कप उचललेला माणूस, आणि स्कॉटलंडच्या रेंजर्समध्ये मॅनेजर म्हणून लीग जिंकून आलेले. कागदावर याहून चांगली निवड सापडली नसती. त्यांनी आल्या आल्या भराभर संघ मोडायला घेतला. बीअर्ड्सलीसारखा खेळाडू चक्क शहरातल्याच प्रतिस्पर्धी एव्हर्टनला विकला. १९९२ चा एफए कप मिळाला, पण लीगमध्ये लागोपाठ दोन वर्षं सहावा क्रमांक. त्या काळातले रविवार मला अजून आठवतात, रेडिओ बंद करून नुसता बसून राहायचो. जेरार्डच्या बाजूच्या मंडळींनी हे प्रकरण जरूर वाचावं. मला जेरार्ड कमी प्रिय आहे असं नाही. पण आपला कर्णधार आणि रेंजर्सचा यशस्वी मॅनेजर, या दोन गोष्टी एकत्र आल्या की सगळं जमेल, हे आपण एकदा मानून बसलो होतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. २०१३ मध्ये मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर फर्ग्युसन निवृत्त झाले आणि डेव्हिड मॉयेस आले. करार सहा वर्षांचा, आणि दहा महिन्यांत हकालपट्टी. सगळे म्हणतात मॉयेस लहान पडले. पण त्याच उन्हाळ्यात युनायटेडचे मुख्याधिकारी डेव्हिड गिलही गेले होते, आणि फर्ग्युसनच्या कोचिंग स्टाफमधले मुख्य लोकही मॉयेसबरोबर राहिले नाहीत. म्हणजे एक माणूस नाही, सगळं घरच रिकामं झालं. आपल्याकडे आज काय स्थिती आहे बघा. क्लॉपबरोबर लाइंडर्स आणि क्रावीट्स हे त्याचे दोन्ही सहायकही जाणार आहेत. खेळाडू आणि मॅनेजर निवडण्याचं काम बघणारे स्पोर्टिंग डायरेक्टर श्माट्के जानेवारीतच पद सोडून गेले. मॅनेजरच्या आधी त्याला निवडणारा माणूस कोण, हा प्रश्न सुटायला हवा. मला खरी काळजी त्याची आहे.

प्रतिसाद, २४ फेब्रुवारी

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी लहान मुलांच्या संघाला शिकवतो, त्यामुळे मैदानावरच्या बाजूचं लिहितो.

अलोन्सो पाठीमागे तिघांना खेळवतो आणि रुंदी दोन विंगबॅककडून, म्हणजे कडेने वरखाली धावणाऱ्या खेळाडूंकडून काढतो, डावीकडे ग्रिमाल्डो, उजवीकडे फ्रिम्पाँग. त्या दोघांचे गोल आणि असिस्ट बघितलेत तर लक्षात येईल की सगळी यंत्रणा त्यांच्या धावण्यावर उभी आहे. आपला संघ क्लॉपने चौघांच्या बचावावर बांधलाय. आपला डावा बचावपटू रॉबर्टसन एक वेळ विंगबॅक होईल. पण उजवा बचावपटू ट्रेंटला आता चेंडू आपल्याकडे असताना मध्ये येऊन पास द्यायची सवय लागली आहे, त्याला पूर्ण सामनाभर बाजूच्या रेषेवर वरखाली पळवायचं? आणि सालाह उजव्या रेषेजवळून आत घुसतो, तीच जागा विंगबॅकने घेतली तर त्याने कुठे जायचं? अलोन्सो हुशार आहे, तो काहीतरी मार्ग काढेल. पण त्यासाठी वेळ लागेल आणि नवे खेळाडूही लागतील. सालाह, व्हॅन डाइक आणि ट्रेंट, तिघांचेही करार २०२५ च्या जूनमध्ये संपतायत. पहिल्याच वर्षी सगळं उलटंपालटं केलं तर यातला कोण थांबेल?

पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबचा मॅनेजर रुबेन अमोरिमही तिघांचाच बचाव खेळवतो, त्यामुळे तिथेही हीच अडचण. २०२१ मध्ये त्याने त्यांना १९ वर्षांनी लीग जिंकून दिली, माणूस कसदार आहे यात शंका नाही. ब्रायटनचा दे झर्बी चौघांना खेळवतो, पण प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम अंगावर येऊ देऊन मग पास काढायचा, हा त्याचा पाया आहे. आपल्या खेळाचा पाया वेगळा, चेंडू गेला की लगेच झडप घालून परत घ्यायचा.

या हिशोबाने सगळ्यात जवळचा मला नेदरलँड्सच्या फायनोर्डचा अर्ने स्लॉट वाटतो. चौघांचा बचाव, वरती जाऊन दबाव, चेंडूही स्वतःकडे ठेवायचा. गेल्या मोसमात त्याने डच लीग जिंकली. त्याचे सामने बघाच. बघताना गोल मोजू नका. चेंडू हातचा गेल्यानंतर पुढच्या पाच सेकंदांत सगळ्यात जवळचे तीन खेळाडू काय करतात तेवढं बघा, मॅनेजर तिथे दिसतो.

धागाकर्ता, २४ फेब्रुवारी

मनापासून आभार. सूनेसचं प्रकरण मला अजिबात माहीत नव्हतं, ते वाचल्यावर गटात टाकलं आणि पहिल्यांदाच सगळे दोन मिनिटं गप्प झाले.

स्लॉटबद्दल एक शंका. परवाच फायनोर्ड युरोपा लीगमध्ये रोमाकडून पेनल्टीवर हरून बाहेर पडलं. डच लीगमध्ये जिंकणं आणि इथे जिंकणं यात फरक नाही का? आमच्या गटाचं उत्तर ठरलेलं आहे: असं नाव आणलं तर मोठे खेळाडू ऐकणार नाहीत.

प्रतिसाद, २४ फेब्रुवारी

क्लॉप आपल्याकडे आला त्याआधीच्या मोसमात त्याचं डॉर्टमुंड सातवं आलं होतं. एका वर्षाच्या निकालावर निवड झाली असती, तर तो आपल्याला मिळालाच नसता.

स्लॉटचं म्हणाल तर फायनोर्डच्या आधीचं बघा. २०१९-२० मध्ये एझेड अल्कमारसारखा छोटा क्लब त्याने आयाक्सच्या बरोबरीच्या गुणांवर नेऊन ठेवला होता, मग महामारीमुळे लीग थांबली. दोन क्लब, आणि दोन्हीकडे खेळाडूंच्या किमतीच्या मानाने निकाल वरचढ. मी हेच तपासतो: हातात होतं काय आणि त्यातून काढलं काय. मोठ्या क्लबमध्ये ट्रॉफ्या जिंकलेल्यांच्या बाबतीत हे कळणंच अवघड जातं.

प्रतिसाद, २५ फेब्रुवारी

जेरार्डबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून लिहितोय. २०२०-२१ मध्ये त्याच्या हाताखाली रेंजर्स लीगमध्ये एकही सामना हरले नाहीत. १०२ गुण, ३८ सामन्यांत फक्त १३ गोल खाल्ले, आणि प्रतिस्पर्धी सेल्टिकची सलग दहावी लीग रोखली. हे काय आपोआप झालं? या माणसाने आपल्यासाठी काय काय केलंय ते आठवा. घरचा माणूस घराला जेवढा जपेल तेवढा बाहेरचा नाही जपणार.

प्रतिसाद, २५ फेब्रुवारी

तुमची भावना माझीही आहे, खरंच. पण अ‍ॅस्टन व्हिलाने ऑक्टोबर २०२२ मध्ये जेरार्डला काढलं, आणि जवळपास त्याच खेळाडूंना घेऊन उनाई एमरीने मोसमाअखेर सातवा क्रमांक आणि युरोपचं तिकीट मिळवलं. खेळाडू तेच, मॅनेजर बदलला, निकाल बदलला. याहून स्वच्छ तुलना क्वचितच मिळते. तो इथे येऊन अपयशी ठरला आणि स्टँडमधून त्याच्याविरुद्ध आवाज उठला, तर मला ते बघवणार नाही. म्हणून तर नको म्हणतोय.

धागाकर्ता, २६ फेब्रुवारी

काल रात्री लीग कप जिंकलो! जादा वेळेत व्हॅन डाइकचा गोल. आणि शेवटी मैदानात कोण होतं? क्लार्क, मॅककॉनेल, डॅन्स. निम्मा संघ जायबंदी असताना या पोरांनी चेल्सीला थोपवून धरलं. त्यामुळे माझ्या यादीत एक प्रश्न वाढला: येणारा माणूस या मुलांना खेळवेल का? मोठं नाव मागणाऱ्या मित्रांना मी आता हेच विचारणार आहे.

प्रतिसाद, २१ मार्च

धागा वर काढतोय, कारण आता निवडणारे कोण हे कळलं. आपले जुने स्पोर्टिंग डायरेक्टर मायकेल एडवर्ड्स मालकांच्या कंपनीत फुटबॉलचे प्रमुख म्हणून परतलेत, आणि बोर्नमथचे रिचर्ड ह्यूज आपले स्पोर्टिंग डायरेक्टर होणार. ह्यूज यांच्या काळात गेल्या वर्षी बोर्नमथने काय केलं आठवतंय? मॅनेजर गॅरी ओ'नीलने संघ खालच्या लीगमध्ये जाण्यापासून वाचवला होता, तरी त्याला बाजूला करून इराओला आणला. तेव्हा सगळीकडून टीका झाली. म्हणजे हे लोक नुसता निकाल बघत नाहीत, खेळाची पद्धत बघतात. नाव मोठं आहे म्हणून यांनी कोणाला घेतलं तर मला आश्चर्य वाटेल.

धागाकर्ता, २९ मार्च

अलोन्सो लेव्हरकुसेनमध्येच राहणार, त्याने आज स्वतः सांगितलं. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. पण महिन्याभरापूर्वी हीच बातमी आली असती तर माझा पूर्ण दिवस गेला असता. त्याचं काम तिथे अर्धवट आहे, ते सोडून तो आला नाही, याने त्याच्याबद्दलचा आदर वाढलाच.

प्रतिसाद, २९ मार्च

रेडिओवाला मीच. बायर्नही त्याला मागत होतं हे विसरू नका, त्याने दोघांनाही थांबवलं. आता तुम्ही स्लॉट आणि अमोरिम दोघांचे सामने नीट बघून इथे लिहा. मला तुमच्या नजरेने वाचायला आवडेल.

धागाकर्ता, ८ एप्रिल

बघितले. शनिवारी स्पोर्टिंगने बेन्फिकाला २-१ हरवलं. काल फायनोर्डने आयाक्सला घरच्या मैदानावर ६-० हरवलं. आणि कालच आपण युनायटेडशी २-२ बरोबरी करून बसलो, ते तर सगळ्यांनी पाहिलंच आहे.

अमोरिमचा संघ भक्कम वाटला, पण बघताना मी सतत आपल्या खेळाडूंना त्या जागांवर बसवून बघत होतो आणि सालाह कुठेच बसत नव्हता. फायनोर्ड बघताना तसं करावंच लागलं नाही. पाच सेकंदांचा नियम वापरून बघितला. सामना हातात आल्यावरही त्यांची पोरं चेंडू गेला की तशीच धावत होती, स्कोअर किती झालाय याचा जणू त्यांना पत्ताच नव्हता. मी उठून उभा राहिलो होतो, आणि तो माझा संघही नव्हता.

गटात मी आता स्लॉटच्या बाजूने एकटाच आहे. पण कोणी "का?" विचारलं तर इस्तंबूलचं नाव न घेता अर्धा तास बोलू शकतो. आज संध्याकाळी सगळ्यांना बोलावलंय, तो सामना पुन्हा लावणार आहे. त्याआधी कोणाला स्लॉटची कमजोर बाजू माहीत असेल तर तीही सांगा, कारण ते विचारणारच.